दुसऱ्या आवाजातले माझे बाबा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई बसतात. एक शटर, एक शिलाई मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ब्लाउज आणि दिवसभर चालू असलेला मोबाइल. नागपूरच्या महाल भागातल्या शाळेतून मी इतिहासाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्याकडे माप द्यायला गेले होते. मोबाइलवर बातम्या लागल्या होत्या. कुठल्याशा शहरावर बॉम्ब पडत होते. ताईंनी दातात धरलेली टाचणी काढली आणि मला विचारलं,

"मॅडम, तुम्ही इतिहासाच्या ना जी? मंग मले एक सांगा. हे लोक काहून लढून राहिले?"

मी सांगायला लागले. ताई लगेच म्हणाल्या, "अन् त्याच्या आधी?" मी पन्नास वर्षं मागे गेले. "अन् त्याच्या आधी?" मी शंभर वर्षं मागे गेले. पाऊण तासात मी पहिल्या महायुद्धाच्या अलीकडे-पलीकडे चाचपडत होते आणि ब्लाउजचं माप राहूनच गेलं होतं.

"असं नाही समजत," ताई म्हणाल्या. "सुरुवातीपासून सांगा. माणूस पयले कुठं होता, मंग काय झालं, मंग काय झालं, असं. माहे सातवीतच लग्नाचे बोलणे सुरू झाले, मले शिवाजी महाराजांच्या पुढचं काही माहीत नाही. तुम्ही मोबाइलमध्ये बोलून पाठवून द्या. मी मशीन चालवता चालवता ऐकीन."

मी घरी आले आणि त्याच संध्याकाळी बसून पहिलं व्याख्यान फोनमध्ये बोलले. 'मानवी संस्कृतीचा उदय नदीखोऱ्यांमध्ये झाला.' एकतीस वर्षं वर्गात हेच वाक्य म्हणत होते, ते तोंडात तयारच होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात डोकावले, तर ताई ओशाळून म्हणाल्या, "आवाज चांगला आहे जी तुमचा. पण उदय म्हणजे काय, खोरं म्हणजे काय, तेच्यातच माही बॉबिन संपली."

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. मी कुठली? उमरेडची. विणकराची मुलगी. घरात आम्ही 'मले-तुले'च बोलायचो. खोरं हा शब्द मीसुद्धा पहिल्यांदा पुस्तकातच वाचला होता. मी परत फोन हातात घेतला आणि माझी माय जशी ओट्यावर बसून बायांना सांगायची, तशी बोलायला लागले.

"दोन नद्या होत्या. आपल्या इकडे कन्हान अन् पेंच आहे ना, तशाच समजा, पण लय मोठ्या. पाणी आलं का गावच्या गाव वाहून जाये. मंग लोकायनं बांध घातला. आता बांध एकट्याच्यानं घालणं होते का? नाही होत. दहा गावं एकत्र या लागते. अन् दहा गावं एकत्र आले का भांडण होते. भांडण मिटवाले कोणी तरी पायजे. असा पयला राजा झाला."

ताईंनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या बाईला बोलावून ऐकवलं.

ही गोष्ट मी ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगितली, ती माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी त्या शाळेत लागलो. ती मराठीची, मी इतिहासाची. स्टाफरूममध्ये तीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि डबा एक होता. ती धरमपेठेतली, वकिलाची मुलगी, तिची भाषा धुतलेल्या तांदळासारखी. मी नवीन होते तेव्हा माझ्या तोंडून कधी 'मले' निसटायचं आणि पोरं हसायची. तिने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, तुला राग येणार नसेल तर मी तुझं बोलणं सुधारून देते." मला राग आला नाही. उलट बरं वाटलं की कुणीतरी आपल्याला हसण्याऐवजी शिकवतंय. मधल्या सुट्टीत ती मला वाक्यं म्हणायला लावायची. वर्षभरात मी इतकी सुधारले की माहेरी गेले तर माय म्हणायची, "तू पुण्याच्या बाईवानी काहून बोलून राहिली वं?"

ते पहिलं व्याख्यान मी मैत्रिणीला फोनवर ऐकवलं तेव्हा ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "अगं, हे फार सुंदर आहे. पण मागे गाड्यांचे हॉर्न येताहेत. माझ्याकडे ये, आपण नीट करू."

तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते, मुलगी परदेशात. मोठं घर आणि ती एकटी. तिने सीताबर्डीच्या एका ठेल्यावरून पदराला लावायचा छोटा माइक आणला. आतल्या अडगळीच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. एप्रिल-मे महिना होता. कूलर लावला तर घरघर रेकॉर्ड व्हायची, म्हणून तो बंद. सकाळी साडेसातला आम्ही बसायचो, आठपर्यंत दोघी घामाने निथळायचो. मी बोलायची, ती समोर फोन धरून बसायची. भंगारवाला ओरडत गेला की थांबायचो. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली की थांबायचो. एक भाग झाला की बाहेर येऊन कूलरसमोर उभ्या राहायचो आणि ती मला पन्ह्याचा ग्लास द्यायची.

दोन वर्षांत आम्ही बेचाळीस भाग केले. नद्यांकाठच्या गावांपासून सुरू झालो, ते यंत्रांपर्यंत आणि नंतर अर्ध्या जगावरच्या गोऱ्यांच्या राज्यापर्यंत आलो. फ्रान्समधल्या बाया राजाच्या महालावर चालून गेल्या, तो भाग सांगताना मी म्हटलं होतं, "काहून गेल्या? पाव भेटत नव्हता म्हणून. पाव म्हणजे त्यायची भाकर. बाईच्या चुलीवर काही नसन तर ती राजाले भीत नाही." मैत्रिणीने फोन धरलेल्या हाताने टाळी वाजवायचा प्रयत्न केला आणि तो भाग पुन्हा करावा लागला.

ती ते सगळे भाग इंटरनेटवर एका चॅनेलवर टाकायची. त्यातलं मला काही समजत नव्हतं, मी विचारलंही नाही. तिच्याकडून मला निरोप कळायचे. मौद्याच्या वीज प्रकल्पात काम करणाऱ्या माणसाची बायको डबे बांधताना ऐकते. कुहीकडचा एक म्हातारा शेतकरी वखर हाकताना ऐकतो. त्याने आवाजातच निरोप पाठवला होता: "बाई, तुम्ही सांगता ते माह्या बैलालेही समजते." मैत्रिणीने तो निरोप मला दहा वेळा ऐकवला असेल. तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं, तो आनंद खोटा नव्हता.

यंत्रांचा भाग एकतिसावा. विलायतेत सूत काढायची यंत्रं आली, वाफेवर चालणारे माग आले, हे सांगायचं होतं. आदल्या दिवशी मी मुद्दे काढून ठेवले होते. पण बोलताना ते बाजूला राहिले आणि मी अशी गोष्ट सांगितली जी कुणालाच कधी सांगितली नव्हती. मैत्रिणीलाही नाही.

"माहे बाबा उमरेडले मागावर बसत. खड्ड्यात पाय, पायानं पावडी दाबत, हातानं धोटा फेकत. मंग गिरणीची साडी आली, स्वस्त. बाबाची साडी कोणी घेईना. नागपूरले आले, हापिसात चपराशी झाले. पण बाजेवर बसले का त्यायचे पाय खालीवर होत. एक खाली, एक वर. एक खाली, एक वर. माय म्हणे, पाय हालवू नका, घरची लक्ष्मी जाते. आम्हालेही वाटे, काय वाईट सवय आहे. लय वर्षानं, बाबा गेल्यावर मले समजलं. ते पाय हालवत नव्हते. ते विणून राहिले होते."

बोलणं संपलं तेव्हा मैत्रिणीच्या हातातला फोन खाली आला होता. तिने तो गादीवर ठेवला आणि मला मिठी मारली. दोघी रडलो. त्या गरम खोलीत, घामाने भिजलेल्या साड्यांत. ती म्हणाली, "तीस वर्षांत तू मला हे सांगितलं नाहीस." मी म्हणाले, "कोणालेच नाही सांगितलं." आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी पहिल्यांदाच माझ्या घरच्या बोलीत बोलले.

बेचाळीस भाग झाल्यावर काहीतरी बदललं. पावसाळ्यात ती म्हणाली, गुडघे दुखताहेत, थोडं थांबू. दिवाळीनंतर म्हणाली, माइक बिघडलाय. मी म्हटलं, दुसरा आणू. ती म्हणाली, आणू ना, घाई काय आहे. मग एक दिवस शिलाईवाल्या ताईंनी विचारलं, "मॅडम, तुमचे भाग दिसत नाही जी, कुठं गेले?" मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, चॅनेलचं काहीतरी तांत्रिक आहे, ती नीट लावते आहे. मी ताईंना तसंच सांगितलं. तीन-चार महिने मी सगळ्यांना तसंच सांगत होते.

फेब्रुवारीत एका दुपारी ताईंनी मला रस्त्यावरूनच हाक मारली. त्यांचा चेहरा वेगळाच होता. दुकानात गेले तर त्यांनी मला स्टुलावर बसवलं, आधी पाणी दिलं. म्हणाल्या, "माही भाची परीक्षेचा अभ्यास करून राहिली. तिच्या मोबाइलात ते शिकवणीचं आहे ना, त्याच्यात जगाचा इतिहास आहे. मी म्हटलं, लाव, मॅडमचं आहे का पाहू. तुमचंच आहे जी. पण तुमचं नाही." त्या थांबल्या. "तुमच्या बाबाची गोष्ट दुसरीच बाई सांगून राहिली."

त्यांनी भाचीचा मोबाइल ठेवून घेतला होता. त्यांनी बटण दाबलं. आधी सतार वाजली. मग चित्रं आली, नद्यांची, मातीच्या पाट्यांची. मग एक आवाज आला. पहिल्या शब्दाला मी ओळखला. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारा, दर हिंदी दिनाला हिंदीच्या बाईंनाही हिंदी उच्चार सांगणारा, आजारी असताना मला फोनवर 'औषध घेतलंस का गं' विचारणारा आवाज.

"दोन नद्या होत्या. आपल्याकडच्या मुळा-मुठेसारख्या समजा, पण खूप मोठ्या."

मुळा-मुठा. मला इतकं हसू आलं की ताई घाबरल्या. मग मी म्हणाले, यंत्रांचा भाग लावा.

"माझे वडील उमरेडला हातमागावर बसत," माझी मैत्रीण सांगत होती. तिचे वडील उमरेडला गेले असतीलच, तर खटल्याच्या तारखेला. "बाजेवर बसले की त्यांचे पाय खालीवर होत. एक खाली, एक वर." तिथे ती थोडी थांबली होती. मी जिथे थांबले होते, बरोबर तिथेच. "ते पाय हलवत नव्हते. ते विणत होते." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज भरून आला होता.

चित्र संपल्यावर पांढऱ्या पडद्यावर अक्षरं आली: लेखन आणि सादरीकरण. खाली तिचं नाव.

ताईंची मशीन बंद होती. गिरणीवाली बाईही येऊन दारात उभी होती. मी मोबाइल परत दिला, उठले, आणि तशीच ऑटोने बर्डीला आणि तिथून मेट्रोने शंकरनगरला तिच्या घरी गेले. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही. एवढंच आठवतं की पायात घरातल्या स्लिपर होत्या.

तिने दार उघडलं. माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघितलं आणि तिला कळलं.

"आत ये," ती म्हणाली.

"तू माझी व्याख्यानं तुझ्या आवाजात केलीस?"

"बस तरी."

"केलीस?"

"हो." ती सोफ्याच्या कडेवर टेकली. "त्या शिकवणीवाल्यांनी मलाच फोन केला होता. चॅनेल माझ्या नावावर होतं ना. त्यांना मजकूर आवडला. पण म्हणाले, ही भाषा चालणार नाही. सगळ्या महाराष्ट्रातली मुलं ऐकणार. गावंढळ वाटतं, म्हणाले. प्रमाण भाषेत करून द्या."

"मग मला सांगायचं. मला येत नाही का प्रमाण भाषा?"

"तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

हे ती अगदी सरळपणे म्हणाली. मग मी बाबांचं विचारलं. नद्या घे, राजे घे, फ्रान्सच्या बाया घे. पण बाबा?

ती बराच वेळ हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. "मी आधी 'एक विणकर होता' असं म्हणून बघितलं. पोकळ वाटत होतं. दोनदा केलं. मग 'माझे वडील' म्हटलं. बोलताना मला खरंच तसं वाटलं गं. मला रडू आलं."

"तुझे वडील वकील होते."

"माहीत आहे मला."

"माझ्या बाबांना तू पाहिलंसुद्धा नाहीस."

"नाही पाहिलं. पण तू सांगितलंस त्या दिवशी मी तिथेच होते ना? तूच माझ्यापुढे..." तिने वाक्य सोडून दिलं. मग तिचा सूर बदलला. तिला बहुधा माझ्याकडून रडणं किंवा आरडाओरड अपेक्षित होती. मी नुसती उभी होते, ते तिला सहन झालं नाही. "आणि तू मला भाषेवरून बोलू नकोस. वर्गात कुणी 'मले' म्हटलं की तू त्याला उभं करायचीस. तासभर. मी नाही, तू. मी तर समजावून सांगायची. तेव्हा तुला उमरेड आठवलं नाही?"

ते खरं होतं. म्हणूनच ते तिने राखून ठेवलं होतं, असं मला वाटलं. तीस वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाला कुठे मारायचं ते नेमकं ठाऊक असतं.

मी फक्त एकच मागितलं. "माझे मूळ भाग मला परत दे. माझ्या आवाजातले."

ती माझ्याकडे बघेना. "चॅनेलवरचे शिकवणीवाल्यांनी काढायला लावले. आणि फोन भरला होता. नवीन रेकॉर्डिंगला जागा हवी होती. मला वाटलं, लिहून तर घेतलंच आहे..."

"पुसलेस?"

तिने होकारार्थी मान हलवली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतींना गाद्या तशाच लावलेल्या होत्या. मधोमध एक खुर्ची होती, तिची, आणि समोर फोन उभा करायचं नवीन स्टँड. मी वळले आणि जिना उतरले. तिने मागून हाक मारली. मी थांबले नाही.

त्यानंतरचे काही आठवडे मी तिच्यावर जितकी चिडले, तितकीच एका मुलीला आठवत राहिले. आठवीतली मुलगी, मौद्याहून बसने यायची. मी विचारलं होतं, गृहपाठ का नाही केला, तर ती म्हणाली, "मले ताप होता." मी म्हटलं, "मले नाही, मला. नीट म्हण, मग बस." तिने म्हटलं नाही. तास संपेपर्यंत उभी राहिली. पुढची दोन वर्षं ती माझ्या तासाला हजेरीपलीकडे एक शब्द बोलली नाही. मी तिला हट्टी समजत होते. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मैत्रीण मला जे बोलली, ते माझा तोल जावा म्हणून बोलली हे मला कळतं. पण त्यामुळे ती मुलगी बसली नाही. ती अजून उभीच आहे.

ताईंच्या मोबाइलमध्ये माझे सहा भाग सापडले. मी पाठवलेला पहिला आणि मधले पाच. बाकी कुणाकडे आहेत का, मी विचारून पाहिलं. मौद्याच्या बाईने मोबाइल बदलला होता. कुहीच्या आजोबांचा नंबर मैत्रिणीकडेच होता, तो मी मागितला नाही. मी पुन्हा बोलायला बसले, घरीच, खिडक्या लावून. पण आता बोलताना माझ्याच कानांना मी ऐकू यायची. 'काहून' म्हटलं की वाटायचं, हे मी मुद्दाम म्हणतेय. 'का' म्हटलं की तिचा आवाज यायचा. तीन दिवस बसले आणि सोडून दिलं.

एकदा दुकानात गेले तर ताईंच्या मोबाइलवर तिचा आवाज चालू होता. ताईंनी घाईने बंद केला. दोघी अवघडलो.

"काय ऐकत होत्या?" मी विचारलं.

"त्रेचाळीसवा," त्या खाली बघत म्हणाल्या. मग मान वर करून बोलल्या, "मॅडम, तुमचे बेचाळीसवर संपले ना जी. मले पुढचं ऐकाचं होतं. त्या बाईनं पुढचे स्वतः केले. मजा नाही त्याच्यात, पुस्तकावानी बोलते. पण दुसरं महायुद्ध काहून झालं ते तरी समजून राहिलं." आणि मग, जरा थांबून, "तुम्ही करत नाही, ती करते. मी काय करू?"

त्यांचा राग आला, तो चुकीचा होता हेही कळत होतं. मी म्हटलं, "ऐका तुम्ही," आणि ब्लाउज घेऊन आले.

गेल्या हिवाळ्यात शाळेने निवृत्त शिक्षकांचं स्नेहमिलन ठेवलं. जायचं नव्हतं, पण नव्या मुख्याध्यापिकेने दोनदा घरी फोन केला. मी मागच्या रांगेत बसले. अर्ध्या कार्यक्रमानंतर कळलं की मैत्रिणीचा सत्कार आहे, 'जगाचा इतिहास सोप्या भाषेत घराघरात पोहोचवल्याबद्दल'. तिला शाल घातली, श्रीफळ दिलं. ती बारीक झाली होती. माझ्याकडे तिने एकदा बघितलं आणि मग समोरच्या फुलदाणीकडे बघत राहिली. मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, "यांच्या तीस वर्षांच्या जिवलग मैत्रीण आज आपल्यात आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत अशी मी विनंती करते."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले. त्या क्षणी मी सगळं सांगू शकले असते. बेचाळीस भाग, गाद्यांची खोली, उमरेड, बाबा. मैत्रिणीच्या मांडीवरचा नारळ मला दिसत होता, तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी तोंड उघडलं आणि कोणत्या भाषेत बोलायचं तेच मला ठरवता येईना.

"मी बोलणार नाही," मी म्हणाले आणि खाली बसले.

मग मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "बाई भावुक झाल्या आहेत," आणि पुन्हा टाळ्या वाजल्या, आधीपेक्षा मोठ्या. शेजारच्या पीटीच्या सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. न जेवताच मी निघाले. फाटकाशी पोहोचले तर मागून पावलं ऐकू आली. ती शाल हातावर घेऊन धावत आली होती, गुडघ्यांमुळे लंगडत.

"थँक यू," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू बोलली नाहीस."

तिला वाटलं, मी तिला वाचवलं. मी तिला सांगू शकले असते की तसं नाही. मी म्हटलं, "माझ्याशी बोलू नको," आणि ऑटोला हात केला. ते 'माझ्याशी' तिने शिकवलेल्याच उच्चारात निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या बाईंचा फोन आला. काल मी किती हळवी झाले, आमची मैत्री म्हणजे आदर्श आहे, असं त्या म्हणत होत्या. मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं, शिलाईच्या दुकानापासून फाटकापर्यंत. बराच वेळ लागला. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं, कुणीतरी ऐकलं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. "जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "कुणाच्या का आवाजात असेना, शेवटी ज्ञान लोकांपर्यंत पोहोचलं ना?"

"पोहोचलं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.